कप्तान अंथरुणाला खिळला, तर जहाज कोणाच्या हाती?

भर समुद्रात जहाजाचा कप्तान आजारी पडला, तर जहाजाचा ताबा कोणाकडे जातो? कागदावर याचं उत्तर सोपं आहे. कप्तानानंतर पहिला मेट (म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी), त्यानंतर दुसरा मेट, अशी उतरंड आधीच ठरलेली असते आणि आजही साधारण तशीच आहे. पण १८५६ साली 'नेपच्यून्स कार' नावाच्या अमेरिकन शिडाच्या जहाजावर ही सगळी उतरंड कोसळली आणि जहाज मेरी अ‍ॅन पॅटन या १९ वर्षांच्या मुलीच्या हाती आलं. ती खलाशी नव्हती, मेट नव्हती. कप्तानाची बायको म्हणून ती जहाजावर होती, आणि गरोदर होती.

तिची गोष्ट बहुतेक वेळा धाडसाची म्हणून सांगितली जाते. धाडस तर होतंच. पण माझ्या मते ते दुसऱ्या नंबरवर येतं. जहाज तिच्या हाती गेलं, कारण 'आपण आत्ता पृथ्वीवर नेमके कुठे आहोत' हे काढता येणारी आणि जिच्यावर भरवसा ठेवता येईल अशी ती त्या जहाजावरची एकटीच व्यक्ती उरली होती. हे 'कुठे आहोत' काढायचं कसं, तेच मला इथे नीट उलगडून सांगायचं आहे. मी नाशकात शाळेतल्या मुलांना भूगोल शिकवते. अक्षांश-रेखांश हा धडा मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात आणि विसरून जातात. याच धड्यावर कधी काळी माणसं जगत आणि मरत होती, हे त्यांना कुणी सांगत नाही.

आधी प्रसंग समजून घेऊ. 'नेपच्यून्स कार' हे क्लिपर जातीचं जहाज होतं: लांबट, निमुळतं, तीन डोलकाठ्यांवर भरपूर शिडं, वेगासाठीच बांधलेलं. लांबी २१६ फूट. १ जुलै १८५६ ला ते न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं. पनामा कालवा तेव्हा नव्हता, तो १९१४ साली सुरू झाला. त्यामुळे अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर माल न्यायचा, तर अख्ख्या दक्षिण अमेरिकेला वळसा घालून, तिच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नवरून जावं लागे.

कप्तान जोशुआ पॅटन. त्याचा पहिला मेट पाळीवर असताना झोपायचा आणि कामात कुचराई करायचा, म्हणून कप्तानाने त्याला कामावरून काढून कोंडून ठेवलं. जहाजावरची पाळी म्हणजे चार-चार तासांची जागती ड्युटी. खलाशांचे दोन गट आलटूनपालटून ती करतात. रोज त्याच गटाच्या वाट्याला मध्यरात्रीची पाळी येऊ नये म्हणून संध्याकाळी चार ते आठची पाळी दोन-दोन तासांत तोडतात. मग दिवसाच्या सहाऐवजी सात पाळ्या होतात आणि चक्र आपोआप पुढे सरकतं. प्रत्येक पाळीला एक अधिकारी जबाबदार लागतो. पहिला मेट गेल्यावर त्याच्या पाळ्या कप्तानाने स्वतःच्या अंगावर घेतल्या. थंडी, वारा, जागरणं, आणि आधीपासून पोखरत असलेला क्षय. केप हॉर्नच्या आसपास तो कोसळला. तापात बरळू लागला, पुढे त्याची दृष्टीही गेली.

उतरंडीप्रमाणे आता दुसऱ्या मेटची पाळी. माणूस चांगला, शिडं चढवण्या-उतरवण्यात तयार, खलाशांचा आवडता. पण त्याला समुद्रावरचं गणित येत नव्हतं. जहाज चालवता येत होतं, पण ते कुठे आहे ते सांगता येत नव्हतं. मेरी अ‍ॅनने आधीच्या लांबच्या सफरीत नवऱ्याकडून हे गणित शिकून घेतलं होतं.

या गणिताचा पहिला भाग म्हणजे अक्षांश. तो काढायला दुपारचा सूर्य पुरतो. सूर्य दिवसभरात जिथे सर्वांत उंच जातो, त्या क्षणी क्षितिजापासून त्याची उंची किती अंश आहे ते मोजायचं. ती ९० मधून वजा केली, की सूर्य आपल्या डोक्यापासून किती ढळला आहे ते कळतं. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो, म्हणून त्या दिवशी हे उत्तर म्हणजेच आपला अक्षांश. इतर दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलेला असतो. या सरकण्याला आपल्या पंचांगात क्रांती म्हणतात. ती जास्तीत जास्त साडेतेवीस अंशांच्या जवळ जाते आणि कोणत्या दिवशी किती, याचे तक्ते नाविकांच्या पंचांगात छापलेले असतात. ब्रिटिशांचं असं पंचांग १७६७ सालापासूनचं आहे. तक्त्यातला आकडा मिळवायचा किंवा वजा करायचा, झालं. एवढं पाचवीतल्या मुलालाही जमेल.

मार्चमधल्या विषुवदिनी मी आणि माझ्या भाचीने हे गच्चीवर करून पाहिलं. एक मीटरची सरळ काठी वाळूने भरलेल्या कुंडीत उभी केली आणि गवंड्याचा ओळंबा लावून ती तंतोतंत उभी आहे ना, ते तपासलं. साडेबारापासून दर दोन-तीन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करत गेलो. खुणा आधी काठीकडे सरकत होत्या, मग थबकल्या, मग लांब जायला लागल्या. सगळ्यांत आखूड सावली छत्तीस सेंटिमीटरच्या आसपास भरली. भाचीने कॅल्क्युलेटरवर सावलीच्या लांबीला काठीच्या लांबीने भागलं आणि तो गुणोत्तराचा कोन काढला. उत्तर आलं वीस अंश. नाशिकचा अक्षांश वीस उत्तर आहे, हे तिने नकाशात शंभरदा पाहिलेलं. पण आपल्या गच्चीवरच्या सावलीतून तोच आकडा निघतो हे बघताना तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. (सूर्याकडे थेट बघायचं नाही, सावलीच मोजायची, हे मुलांना ठासून सांगा.)

तिने लगेच विचारलं, "मावशी, सावलीचं टोक तर अंधूक दिसतंय. एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर?" प्रश्न अगदी मुद्द्याचा. सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. म्हणून सावलीची कड विरत जाते. आपल्या काठीवर एक सेंटिमीटर चुकला, की कोन अर्ध्या अंशाने चुकतो, आणि अर्धा अंश म्हणजे जमिनीवर सुमारे ५५ किलोमीटर. गच्चीवर त्याने काही बिघडत नाही. खडकाळ किनारा जवळ असताना मात्र एवढ्या चुकीत जहाज फुटतं.

म्हणून जहाजावर सेक्स्टंट वापरतात. हातात धरायचं पितळी यंत्र, वर्तुळाच्या सहाव्या भागाएवढी कमान, दोन छोटे आरसे आणि एक दुर्बीण. एका आरशातून सूर्याचं प्रतिबिंब खाली खेचत आणायचं, गडद काचांतून ते बघायचं, आणि त्याची खालची कड क्षितिजाच्या रेषेला जेमतेम टेकेल असं जुळवायचं. मग कमानीवरचा कोन वाचायचा. यातली खुबी अशी, की सूर्य आणि क्षितिज दोन्ही एकाच चौकटीत दिसतात. त्यामुळे जहाज हेलकावत असलं तरी दोघं बरोबरच हलतात आणि टेकलेली कड टेकलेलीच राहते. सराव झालेला हात एक-दोन मैलांच्या आत अक्षांश काढतो.

नाशकातून सेक्स्टंट वापरायचा तर अडचण वेगळीच आहे: इथे क्षितिज नाही, चहूबाजूंनी इमारती नाहीतर डोंगर. त्यावरही जुना उपाय आहे. परातीत तेल ओतून ती वाऱ्याच्या आडोशाला ठेवायची आणि आकाशातला सूर्य व तेलातला सूर्य एकावर एक आणायचे. कोन दुप्पट येतो, तो निम्मा करायचा. जमिनीवर मोजमाप करणारे सर्वेक्षक हीच युक्ती वापरत, फक्त तेलाऐवजी बऱ्याचदा पारा असे.

आता रेखांश. इथे खरी मारामारी आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, म्हणजे चार मिनिटांना एक अंश. ग्रिनिचला, म्हणजे शून्य रेखांशावर, किती वाजले आणि इथे सूर्याप्रमाणे किती वाजले, यातला फरक कळला की रेखांश कळला. आपल्याकडचं उदाहरण घ्या. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे. नाशिक त्याच्या पश्चिमेला, ७३.८ अंशांवर. फरक ८.७ अंशांचा, चाराने गुणले की जवळजवळ ३५ मिनिटं. म्हणून नाशकात खरी दुपार घड्याळातल्या बाराला होत नाही. सरासरीने ती १२ वाजून ३५ मिनिटांनी होते आणि वर्षभरात १२:१९ ते १२:४९ यांच्या दरम्यान मागेपुढे सरकते. आमच्या गच्चीवर सावली १२:४२ च्या सुमारास थबकली होती, ती याच कारणाने.

मग घड्याळ चुकलं तर? नाशिकच्या अक्षांशावर वेळेची एक मिनिटाची चूक म्हणजे पाव अंश, सुमारे २६ किलोमीटर. त्र्यंबकेश्वर नाशिकच्या पश्चिमेला जवळपास तेवढंच आहे. म्हणजे घड्याळ मिनिटभर चुकलं की तुमचा हिशोब पंचवटीत बसून तुम्हाला कुशावर्तावर नेऊन ठेवतो. जहाजावर यासाठी क्रोनोमीटर असे. हे खास घड्याळ पेटीत, कड्यांमध्ये तरंगतं बसवलेलं असायचं आणि रोज ठरल्या वेळी त्याला चावी द्यायची. ते दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे पडतं याची नोंद ठेवायची आणि ती चूक दर वेळी हिशोबात धरायची. दिवसाला दोन सेकंद विसरलात, तर दोन महिन्यांत दोन मिनिटं झाली.

आणखी एक अडचण पुस्तकात सहसा लिहीत नाहीत. दुपारी सूर्य माथ्याशी थबकल्यासारखा वाटतो, हे गच्चीवरही दिसतं. उंची मोजायला ते सोयीचं असतं, पण 'नेमक्या कोणत्या सेकंदाला' हे सांगायला अगदीच गैरसोयीचं. म्हणून रेखांशासाठी सूर्य सकाळी किंवा तिसऱ्या प्रहरी, झपाट्याने चढत-उतरत असताना मोजतात, आणि मग गोलावरच्या त्रिकोणाचं गणित लॉगॅरिदमच्या तक्त्यांवरून सोडवतात. पाच-सहा अंकी आकड्यांची लांबलचक बेरीज-वजाबाकी, हलत्या टेबलावर, कंदिलाच्या उजेडात. एका ओळीत हातचा चुकला तर सगळं मुसळ केरात. दुसऱ्या मेटला जमत नव्हतं ते हेच, आणि मेरी अ‍ॅन जे रोज करत होती तेही हेच.

सूर्य दिसलाच नाही तर? जुलैत नाशकात दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही, तसं केप हॉर्नजवळ वर्षातला बराच काळ असतं. अशा वेळी उरतो अंदाजाचा हिशोब: कालच्या पक्क्या जागेपासून कोणत्या दिशेला, किती वेगाने, किती तास गेलो. दिशा होकायंत्रावरून. वेगासाठी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून तिच्या टोकाची फळी पाण्यात सोडायची. २८ सेकंदांची वाळूची घडी रिकामी होईपर्यंत हातातून जितक्या गाठी जातील, तितके सागरी मैल ताशी वेग. गाठींमधलं अंतर साधारण ४७ फूट ३ इंच ठेवलं की हे गुणोत्तर बरोबर बसतं. शिवाय वारा जहाजाला किती कडेला ढकलतो, प्रवाह किती ओढतो, हे अनुभवाने धरायचं. चूक रोज साठत जाते. ढगांत फट पडून सूर्य दिसला की धावत वर जाऊन कोन घ्यायचा आणि साठलेली चूक एका झटक्यात पुसायची.

केप हॉर्न हे ५६ अंश दक्षिणेला आहे. तिथे पृथ्वीभोवती वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जवळजवळ अखंड वाहतो, कारण त्याला अडवायला त्या पट्ट्यात जमीनच नाही. प्रवाहही त्याच दिशेने. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या चिंचोळ्या भागातून हे सगळं पाणी आणि वारा दाटून जातं. न्यूयॉर्कहून येणाऱ्या जहाजाला इथे पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं असतं, म्हणजे बरोबर वाऱ्याच्या तोंडावर. सप्टेंबर म्हणजे तिथला हिवाळा संपतासंपता. विषुवदिनीसुद्धा दुपारचा सूर्य क्षितिजावर ३४ अंशांपर्यंतच चढतो.

शिडाचं कुठलंच जहाज वाऱ्याच्या नाकासमोर जाऊ शकत नाही. ते तिरकं जातं, मग वळून दुसऱ्या बाजूने तिरकं जातं. कसारा घाट जसा सरळ न चढता वळणावळणाने चढावा लागतो, तसंच. क्लिपरची आडवी शिडं वाऱ्याशी फार जवळचा कोन साधू शकत नाहीत, साधारण ६०-७० अंशांवर त्यांची हद्द संपते. म्हणजे वाऱ्याच्या दिशेने एक मैल पुढे सरकायचं, तर प्रत्यक्षात अडीच मैलांच्या आसपास धाव. त्यात लाट आणि प्रवाह मागे ढकलत असतात. कित्येक जहाजं इथे आठवडेच्या आठवडे झगडून तिथल्या तिथेच राहिली आहेत. प्रत्येक वळण कधी घ्यायचं, किती शीड ठेवायचं, दक्षिणेला बर्फाच्या किती जवळ जायचं, हे ठरवायला 'आपण कुठे आहोत' ते रोज कळावं लागतं. नाहीतर अंधारात वळण घ्यायचं आणि समोर खडक.

हे सगळं ऐकून झाल्यावर भाचीने विचारलं, "पण मावशी, त्या सगळ्या पुरुषांनी तिचं ऐकलंच कसं?"

याचं उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कोंडलेल्या पहिल्या मेटने तिला चिठ्ठी पाठवली होती: पुढचा मार्ग धोक्याचा आहे, मला सोडा, जहाज मी सांभाळतो. त्याला गणित येत होतं. उतरंडीने हक्कही त्याचाच. ती घाबरलेली असेल, थकलेली असेल, तर 'हो' म्हणायला सबळ निमित्त होतं. तिने कळवलं, की माझ्या नवऱ्याला मेट म्हणून तुमचा भरवसा वाटला नाही, तर कप्तान म्हणून मला तो वाटू शकत नाही. दुसरा मेट तिच्या बाजूने उभा राहिला आणि खलाशीही. कामाची वाटणी सरळ झाली: शिडं आणि माणसं तो बघणार, मार्ग ती ठरवणार. जहाजाच्या नोंदवहीत तिला कुठलाही हुद्दा नव्हता. पण खलाशांना रोज दुपारी दिसत होतं, की ही वर येते, कोन घेते, खाली जाऊन आकडेमोड करते, आणि ती म्हणते त्याप्रमाणे घडतं.

पुढे वाटेत कप्तानाला जरा बरं वाटलं, तेव्हा त्याने त्या पहिल्या मेटला पुन्हा काम दिलं. तो जहाज सॅन फ्रान्सिस्कोऐवजी चिलीतल्या वाल्पाराइसो बंदराकडे वळवतो आहे, हे लवकरच उघडकीस आलं आणि त्याला पुन्हा दूर केलं. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. जहाजावर एकालाच गणित येत असेल, तर तो कुठे नेतो आहे हे बाकीच्यांना कळतही नाही. दोघांना येत असेल तर चोरी पकडली जाते.

कप्तानाची प्रकृती पुन्हा ढासळली. तिची दिवस-रात्र नवऱ्याची शुश्रूषा, औषधांच्या पुस्तकातून उपाय शोधणं, आणि वर जहाज. पन्नास दिवस तिने अंगावरचे कपडे बदलले नाहीत, असं सांगतात. १५ नोव्हेंबर १८५६ ला 'नेपच्यून्स कार' माल आणि माणसांसकट सॅन फ्रान्सिस्कोला पोचलं. विमा कंपन्यांनी तिला बक्षीस दिलं एक हजार डॉलर. जहाज आणि मालाच्या किमतीपुढे ती रक्कम फारच थोडी होती आणि हे तेव्हाच्या लोकांनाही खटकलं होतं. बक्षीस स्वीकारताना तिने लिहिलं, की मी पत्नीचं साधं कर्तव्य केलं. मला ते वाक्य वाचून वाईट वाटतं. कर्तव्य पत्नीचं असेल, पण तिने केलेलं काम कप्तानाचं होतं.

मार्च १८५७ मध्ये तिला मुलगा झाला. त्याच वर्षी जुलैत जोशुआ गेला. मेरी अ‍ॅनलाही क्षयाने गाठलं आणि १८६१ साली, वयाची २४ वर्षं पुरी होण्याआधी, ती वारली. अमेरिकेच्या व्यापारी नौदलाच्या किंग्ज पॉइंट इथल्या अकादमीतल्या दवाखान्याला आज तिचं नाव आहे. त्या अकादमीने मुलींना प्रवेश दिला तो १९७४ साली.

आज असं घडू शकेल का? नाही, आणि ते बरंच आहे. आता गणित येतं एवढ्यावर कुणाला जहाज मिळत नाही. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दुसरा मेट, पहिला मेट आणि कप्तान या प्रत्येक पायरीला ठरावीक समुद्रसेवा आणि परीक्षा असते. भारतात हे काम मुंबईचं नौवहन महासंचालनालय बघतं. उतरंडीतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला जहाजाची जागा काढता आलीच पाहिजे, म्हणजे एक पायरी कोसळली तरी पुढची सज्ज असते. त्या पायऱ्या चढून भारतीय व्यापारी जहाजावर कप्तान झालेली पहिली स्त्री म्हणजे राधिका मेनन. २०१५ साली बंगालच्या उपसागरात वादळात सापडलेल्या सात मच्छीमारांना त्यांच्या जहाजाने वाचवलं, आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

शिडाच्या नौकेचं बोलायचं तर आपल्याकडे 'तारिणी' आहे. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली, सुमारे ५६ फुटांची नौदलाची नौका. १० सप्टेंबर २०१७ ला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून २१ मे २०१८ ला परतल्या. त्यांना तयार करणाऱ्यांत होते कमांडर दिलीप दोंदे, शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. 'तारिणी'ने कापलेलं अंतर २१,६०० सागरी मैलांच्या घरातलं. हा आकडा कुठून येतो ते आता तुम्हाला काढता येईल: एक सागरी मैल म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, आणि ३६० गुणिले ६० म्हणजे २१,६००. पृथ्वीप्रदक्षिणा म्हणवून घ्यायला किमान तेवढं अंतर लागतं. विषुववृत्त दोनदा ओलांडावं लागतं आणि सुवेझ किंवा पनामासारखा कालवा वापरता येत नाही.

'तारिणी'ने केप हॉर्न १९ जानेवारी २०१८ ला पार केलं, पण पश्चिमेकडून पूर्वेकडे. म्हणजे वारा पाठीशी, आणि ऋतू तिथला उन्हाळा. मेरी अ‍ॅन उलट दिशेने, हिवाळ्याच्या शेवटी गेली होती. 'तारिणी'ची वाट सोपी होती असं मात्र कुणी समजू नये. त्या पट्ट्यातल्या लाटा मागून येतात, नौका उचलून फेकतात, आणि एवढ्याशा नौकेत सहाच जणी होत्या. वर्तिका जोशींकडे उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रणा होती. तरीही नेतृत्वाचं काम तेच राहतं: कधी शीड कमी करायचं, वादळाला कोणत्या अंगाने टाळायचं, थकलेल्या सोबतिणीला कधी झोपायला पाठवायचं. पुढे २०२४-२५ मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच हीच नौका पृथ्वीभोवती नेऊन आणली. दोघीच म्हटल्यावर एक झोपली की दुसरी कप्तानही, सुकाणूवालीही आणि खलाशीही.

उपग्रह आले, मग सेक्स्टंट कशाला, असं मुलं विचारतात. २०२२-२३ ची गोल्डन ग्लोब शर्यत बघा. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा, आणि नियम असा, की जागा काढायची ती सेक्स्टंट, घड्याळ आणि तक्त्यांवरूनच. ती जिंकली दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर यांनी. वाटेत बुडालेल्या नौकेतल्या एका स्पर्धकाला त्यांनी वाचवलंही. दुसरे आले आपले कमांडर अभिलाष टॉमी.

नाशिकपासून समुद्र सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि आमची गोदावरीही त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला जाते. म्हणून पालक मला सांगतात, की 'आपल्याकडच्या मुलींना कुठे हे जमायचं'. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला, तेव्हा त्याच्या गावातही समुद्र नव्हता. मुलींसाठी एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) २०२२ पासून खुली झाली आहे आणि तिच्या तयारीसाठी मुलींची सरकारी संस्था नाशकातच आहे. व्यापारी जहाजांवर जायचं असेल तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं, शिवाय भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. अकरावीत गणित सोडलं तर हा रस्ता तिथेच बंद होतो, हे दहावीच्या सुट्टीतच मुलीला सांगायला हवं. आणि अर्ज भरण्याआधी डोळे तपासून घ्यावेत, विशेषतः रंग नीट ओळखता येतात का ते. रात्री समोरून येणाऱ्या जहाजाच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. ते जहाज कोणत्या दिशेने चाललं आहे, हे अंधारात त्या दोन रंगांवरूनच कळतं.